सेराफिना टीचरचा शुक्रवारचा तास

नागरिकशास्त्र हा आमच्या शाळेत कधी विषय नव्हताच. ते इतिहासाच्या पुस्तकाला लागलेलं शेपूट होतं. इतिहासात निदान लढाया असतात, चित्रं असतात. शेपटात नुसती कलमं आणि समित्या. बहुतेक शिक्षक फेब्रुवारीत शेपटाला हात लावायचे, फळ्यावर प्रश्न-उत्तरं लिहून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. मी गणिताचा माणूस. मला त्यात काही गैर वाटत नसे.

सेराफिना परेरा मात्र जूनमध्ये पुस्तक मागून उघडायच्या. शाळा मरोळची, मराठी माध्यमाची, अनुदानित, म्हणजे छप्पर सरकारचं आणि गळती आमची. टीचर तिथल्याच गावठाणातल्या. ठेंगण्या, सडसडीत, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज असा की वर्गात बोलल्या तरी फाटकाशी बसलेल्या शिपायाला ऐकू जावं. लग्न केलं नव्हतं. भाऊ अर्बन, त्याची बायको शर्ली आणि त्यांचा मुलगा वॉरेन यांच्याबरोबर बापाच्या जुन्या घरात मागच्या खोलीत राहायच्या. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. अशा वेळी माणसं पेन्शनचे कागद गोळा करायला लागतात, टीचर सहावीच्या वर्गात निवडणुका घ्यायच्या.

निवडणूक म्हणजे खरोखरची. हात वर करून मत द्यायला त्यांची सक्त मनाई होती. हात वर करायच्या आधी पोरं शेजाऱ्याचा हात बघतात, असं त्यांचं म्हणणं. वाचनालयाच्या कपाटामागे जाऊन चिठ्ठी टाकायची, बाहेर येताना नखावर स्केचपेनची रेघ ओढून घ्यायची. जिंकेल तो वर्गाचा मुख्य. हरेल तो विरोधी पक्षनेता, आणि त्याला पहिल्या बाकावरची जागा. बाकीच्या शाळांत हरलेला मागे जातो, इथे पुढे यायचा.

मग दर शुक्रवारी शेवटचा तास प्रश्नोत्तराचा. नियम तीनच होते. प्रश्न सगळ्यांच्या भल्याबुऱ्याचा हवा, घरच्या भांडणाचा नको. ज्याला विचारलं त्याला उत्तर माहीत नसेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत शोधून आणायचं. आणि विचारणाऱ्यावर चिडायचं नाही. प्रश्न कोणालाही चालायचा, टीचरना पण. एका वर्षी पोरांनी मुख्याध्यापकांना बोलावून विचारलं होतं की शिक्षकांच्या संडासात साबण असतो, आमच्यात का नसतो. साबण आला. पण तेव्हापासून मुख्याध्यापक शुक्रवारी दुपारी त्या व्हरांड्याने जात नाहीत.

हे सगळं मला ऐकू यायचं, कारण सहावी आणि सातवीच्या मध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. शुक्रवारी त्याच वेळेला माझा सातवीवर तास. मी इकडे त्रैराशिक शिकवतोय आणि पलीकडे लोकशाही चालली आहे, असा प्रकार. माझी पोरं अर्धा कान तिकडे लावून बसायची. मी स्टाफरूममध्ये टीचरना म्हणायचो, तुमच्या लोकशाहीचा आवाज जरा कमी करा, माझी गणितं चुकतात. त्या म्हणायच्या, तुमची गणितं आवाजाने नाही चुकत सर. आमचं असं बरं चालायचं.

मी सांगतोय ते वर्ष दोन हजार चोवीसचं. त्या वर्षी एक गंमत झाली. सहावीच्या पुस्तकात महानगरपालिका, तिचे नगरसेवक, त्यांची कामं असा धडा आहे, आणि त्या वेळी मुंबईला नगरसेवकच नव्हते. आधीच्यांची मुदत संपून दोन वर्षं उलटलेली, नव्या निवडणुका लांबलेल्या, कारभार प्रशासकांच्या हातात. टीचर दर वर्षी पोरांना नगरसेवकाला भेटून यायला लावायच्या. या वर्षी भेटायचं कोणाला? पोरं हसायला लागली. वर्गाचा मुख्य नितेश म्हणून एक गोरागोमटा, गोडबोल्या मुलगा होता, मधली सुट्टी वाढवून देतो म्हणून निवडून आलेला. (सुट्टी अर्थातच वाढली नव्हती.) त्याने सुचवलं की नगरसेवक नाहीत तर धडाच रद्द करू.

टीचरनी धडा रद्द केला नाही. त्यांनी प्रत्येकाला आपापल्या गल्लीचा नगरसेवक करून टाकलं. काम एकच: गल्लीतली अशी एक गोष्ट शोधा, जी सगळ्यांची आहे पण सगळ्यांना वापरता येत नाही. आणि ती का येत नाही ते विचारा.

पोरांनी पंधरवड्यात ढीगभर माल आणला. कुठे बागेतल्या झोपाळ्याला साखळी, कुठे फुटपाथवर जनरेटर, कुठे सार्वजनिक नळावर कोणाच्या तरी वॉशिंग मशीनचा पाइप. मला पलीकडे ऐकून करमणूक होत होती. मग विरोधी पक्षनेत्याची पाळी आली.

विरोधी पक्षनेता म्हणजे संघमित्रा. निवडणुकीत नितेशपुढे पडलेली, बारीक, सावळी, फार बोलत नसे. गावठाणाच्या मागे कारखान्यांच्या बाजूला एक चाळवस्ती आहे, तिथे राहायची. तिची धाकटी बहीण शकु आमच्याच शाळेत दुसरीला. ऑगस्टमध्ये शकुला मोठ्या रस्त्यावर टेम्पोचा धक्का लागला होता. हात मोडला. त्या वेळी ती प्लास्टर घालून शाळेत यायची आणि सगळ्यांकडून त्यावर नावं लिहून घ्यायची.

संघमित्रा उभी राहिली आणि म्हणाली, "प्रश्न टीचरना आहे. विहिरीजवळच्या गेटला कुलूप आहे. ते गेट परेरांचं आहे. ती वाट परेरांची आहे का सगळ्यांची?"

मी खडू खाली ठेवला. त्या वाटेबद्दल सांगायला हवं. चाळीतून शाळेकडे यायला एक पायवाट होती. परेरांच्या घराला लागून, गावच्या जुन्या विहिरीवरून, थेट शाळेच्या मागच्या फाटकाशी. पाच मिनिटांचं काम. करोनात सगळी गावठाणं आपापल्या वेशी बंद करून बसली, तेव्हा अर्बनने या वाटेवर लोखंडी गेट बसवलं. त्या वेळी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. करोना गेला, गेट राहिलं. आत अर्बनची गाडी आणि वॉरेनची बाईक उभी राहायला लागली. चाळीतली पोरं मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायला लागली, जिथे इंडस्ट्रियल इस्टेटचे टेम्पो दिवसभर उलटेसुलटे फिरत असतात.

पलीकडे टीचर म्हणाल्या, उत्तर पुढच्या शुक्रवारी. आवाज नेहमीपेक्षा कमी होता, शिपायाला नक्की ऐकू गेला नसणार.

स्टाफरूममध्ये बातमी आमच्याआधी पोचली होती. राधा मॅडमना ती पोरगी आगाऊ वाटली. मी टीचरना व्यवहारी सल्ला दिला. म्हटलं, एवढं सरकार शिकवता, तर सरकारसारखं उत्तर द्या की. प्रकरण विचाराधीन आहे म्हणा. पोरं आहेत, दिवाळीपर्यंत विसरतील. टीचर हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

ते साधं नव्हतं, कारण त्यांच्या घरी बिल्डर येऊन गेला होता. अंधेरीचा कोणी होता. जुनं घर पाडून इमारत उठवायची, परेरांना वरचे दोन मजले. आणि त्यात सेराफिना टीचरच्या नावाने वेगळा फ्लॅट, स्वतःचा दरवाजा, स्वतःची बेल. जन्मभर मागच्या खोलीत काढलेल्या बाईला बेलचं काय वाटत असेल ते ज्याचं त्याने समजावं. स्वयंपाकघराला कुठल्या रंगाच्या टाइल्स लावायच्या हेही त्यांनी ठरवलं होतं, आम्हाला सांगून झालं होतं. पण जागा आखूड होती. विहिरीकडची वाट घराच्या हद्दीत धरली तरच इमारत उभी राहणार होती. आणि वाट सगळ्यांची म्हटली की इमारत गेली, फ्लॅट गेला, टाइल्स गेल्या. घराच्या कागदावर भावाबहिणीची दोघांची नावं होती, त्यामुळे बिल्डरला सही दोघांची लागणार होती.

रविवारी अर्बनने मला जेवायला बोलावलं. याआधी कधी बोलावलं नव्हतं, म्हणजे मामला उघड होता. अर्बन मनाने वाईट माणूस नाही. साकीनाक्याला त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे, बोलायला गमत्या, हाताने सढळ. शर्लीने डुकराच्या मटणाचं सोरपोटेल केलं होतं, सोबत फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव. मी तिसरा फुगा घेतला तेव्हा अर्बन मुद्द्यावर आला. मी बहिणीला समजवावं, असं त्याचं म्हणणं. पोरांना काय, आज एक प्रश्न, उद्या दुसरा. गेट गावाच्याच भल्यासाठी लावलं होतं आणि इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती. शिवाय तो हे कोणासाठी करत होता? त्याला स्वतःला राहायला पुढच्या खोल्या होत्याच. बहिणीला म्हातारपणी हक्काचं छप्पर मिळावं, हीच त्याची धडपड. हे तो खोटं बोलत नव्हता, आणि तीच अडचण होती.

टीचर समोरच जेवायला बसल्या होत्या. वॉरेनचं लग्न जानेवारीत ठरलं होतं, गोराईच्या ॲन्ड्रियाशी. या गावठाणांतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात आणि पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. गावात कोणाचंही लग्न असो, पाणी त्याच विहिरीचं.

"अर्बन, वॉरेनचं पाणी आणायच्या दिवशी गेट लावून ठेवशील?" टीचरनी विचारलं.

"येडी का तू? सगळा गाव येणार, बँड येणार."

"गाव तुला विचारून येणार?"

"पाण्याला यायला कोण विचारतं?"

टीचरनी माझ्या पानात आणखी एक फुगा वाढला. अर्बनला आपण काय बोलून गेलो ते घासभर उशिरा समजलं. समजावायचं काम माझ्याकडे होतं, पण मी सोरपोटेलची तारीफ करून सुटका करून घेतली. दुसऱ्याच्या घरच्या मतदानात पडू नये.

शुक्रवारी सातवीला मी सोडवायला गणितं दिली आणि खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला अजून आशा होती की त्या विचाराधीन म्हणतील. त्यांनी वर्गाला विहिरीची रीत सांगितली. मग म्हणाल्या, "जिथून जायला कोणालाच विचारावं लागत नाही, ती वाट एका घराची नसते. वाट सगळ्यांची आहे. गेट चूक आहे. गेट माझ्या भावाने लावलंय, पण घराला माझंही नाव आहे. म्हणजे चूक माझीसुद्धा आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांना अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं नसतं. नितेशने विचारलं की आता महापालिकेत अर्ज करायचा का. टीचर म्हणाल्या, आधी माणसाला विचारायचं, अर्ज नंतर. तेव्हा नितेश आणि संघमित्रा मिळून सहा-सात जणांचं शिष्टमंडळ अर्बनकडे गेलं. अर्बनने त्यांना ओट्यावर बसवलं, वेफर्स दिले, कोल्ड्रिंक पाजलं, शाळेच्या गमती विचारल्या आणि परत पाठवलं. गेटबद्दल एक अक्षर नाही. शिष्टमंडळ हात पुसत आलं. नितेशचं मत बनलं की तो माणूस एकदम झकास आहे. संघमित्राने वेफर्स खाल्ले नव्हते.

डिसेंबरात बिल्डर कागद घेऊन आला. टीचरनी वाट वगळून नकाशा केलात तर सही करते म्हणून सांगितलं. त्याने नकाशा गुंडाळला आणि दुसरीकडे जागा बघितली. एवढंच झालं. अर्बनने आदळआपट केली नाही, त्याने बहिणीशी बोलणं बंद केलं. परक्यांच्या पोरांसाठी तू घरच्यांची वाट लावलीस, एवढं एक वाक्य बोलला आणि मग शर्लीमार्फत बोलायला लागला. तिला चहा हवाय का विचार. तिचं लाइटबिल आलंय सांग. एका घरात, एका टेबलावर. टीचर हे स्टाफरूममध्ये हसून सांगायच्या, आणि आम्हीही हसायचो, दुसरं काय करणार.

जानेवारीत वॉरेनचं लग्न झालं. पाण्याच्या दिवशी मी गेलो होतो. अर्बनने सकाळीच गेट सताड उघडलं, गाडी आणि बाईक बाहेर काढली, वाट झाडून घेतली. बँड आला, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या आल्या, गाव आला. बँडच्या आवाजाने चाळीतली माणसंही मागच्या बाजूने आली आणि गर्दीत नाचायला लागली. कोणी कोणाला विचारलं नाही. परेरांच्या घरात विहिरीचा पहिला तांब्या थोरल्या बाईच्या हातून भरायची रीत. त्या दिवशी तांब्या शर्लीच्या मुलुंडच्या बहिणीकडे दिला गेला. सेराफिना टीचर नवी साडी नेसून विहिरीच्या कठड्याशी उभ्या होत्या, हात मोकळे. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिकडे बघायचं टाळलं. मला फार वाईट वाटलं, एवढं खरं. वॉरेनने एकदा बापाकडे आणि एकदा आत्याकडे बघितलं. पण नवऱ्या मुलाला त्या दिवशी कोण विचारतो?

त्या दिवशी उघडलेलं गेट मात्र परत लागलं नाही. अर्बनने कारण सांगितलं नाही. इमारत बारगळल्यावर बंद ठेवण्यात फायदा उरला नव्हता म्हणून, का गावासमोर परत कुलूप घालायची लाज वाटली म्हणून, ते त्याचं त्याला माहीत. दुसऱ्या आठवड्यापासून चाळीतली पोरं परेरांच्या खिडकीखालून दंगा करत शाळेत यायला लागली. अर्बनची सकाळची झोप गेली.

मग कौतुकाचा हंगाम सुरू झाला. स्नेहसंमेलनात टीचरना शाल आणि नारळ देण्यात आला. मुख्याध्यापक आदर्श नागरिक या विषयावर पुष्कळ वेळ बोलले, साबणाचा उल्लेख त्यांनी टाळला. मी स्वतः मुलुंडला आमच्या सोसायटीत ही हकीकत दोन-तीनदा सांगितली, दर वेळी जरा मीठमसाला लावून. अशी बाई आमच्या शाळेत आहे याचा मला अभिमान वाटायला लागला होता. अभिमान वाटायला लागला की माणूस तपासून बघायचं सोडतो, गणिताच्या मास्तरानेही.

मार्चअखेरीला वर्षाचा शेवटचा प्रश्नोत्तराचा तास होता. पुढच्या आठवड्यापासून परीक्षा. पार्टिशनपलीकडे किरकोळ प्रश्न झाले. नितेशला सुट्टीच्या आश्वासनाचं काय झालं ते विचारण्यात आलं, त्याने प्रशासनाकडे बोट दाखवलं. पोरगा पुढे जाणार. मग संघमित्रा उभी राहिली.

तिने टीचरना विचारलं, की गेटला कुलूप होतं तेव्हा त्या शाळेत कुठून यायच्या.

टीचर म्हणाल्या, "त्याच वाटेने."

"म्हणजे तुमच्याकडे किल्ली होती."

"होती. घरात सगळ्यांकडे होती."

"तुम्ही कुलूप उघडून यायचात, आणि मग परत लावायचात?"

"हो. रोज."

माझ्या वर्गातली पोरं लिहायची थांबली होती. मी त्यांना लिहा म्हणालो नाही. ज्या वाटेने त्या शाळेत यायच्या ती माझ्याही रोजच्या बघण्यातली होती. त्यांच्या हातात कुलूप मी शंभरदा बघितलं असेल. मला हा प्रश्न पडला नव्हता.

"का?" संघमित्रा म्हणाली.

नियमाप्रमाणे त्यांना आठवडा मागता आला असता. आठवडा मागितला असता तर परीक्षा लागली असती, परीक्षेनंतर सुट्टी, जूनमध्ये ही पोरं सातवीत, माझ्याकडे. विषय संपला असता. मला वाटत होतं त्यांनी मागावा.

"वाट सगळ्यांची आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं," टीचर म्हणाल्या. "पण किल्ली माझ्याकडे होती. त्यामुळे मला ते गेट कधी आडवं आलंच नाही."

बाक सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणजे पोरगी अजून बसली नव्हती.

"उपप्रश्न आहे," ती म्हणाली. "आमची शकु मोठ्या रस्त्याने यायची. ती तुम्हाला दिसायची?"

"दिसायची," टीचर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शाळा सुटताना मी तिला रोज सांगायचे, गाड्या बघून चालत जा."